फ्लॅशवरची मलमल

तिसगावच्या पेठेत माझ्या दुकानाला लागून गनीभाईंचा फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीत लग्न ठरलं की भटजींच्या आधी गनीभाईंना तारीख कळायची, एवढं त्यांचं नाव. हळदीने तुकतुकीत झालेला नवरीचा चेहरा फ्लॅशच्या झोतात पांढराफटक पडू नये म्हणून ते फ्लॅशवर मलमल बांधत. ही युक्ती त्यांनी एकट्या श्रीमंतला शिकवली. त्याला हाताखाली घेतलं, अंधारखोलीत शेजारी उभं केलं, आपल्या मलमलीतला अर्धा तुकडा फाडून दिला. मला तो माणूस कधीच आवडला नाही. फार लवून बोलायचा.

एकाहत्तर साली श्रीमंतने मुंबईहून नव्या तऱ्हेचा फ्लॅश आणला. त्याला पुढून एक बारीक डोळा होता. समोरून परतलेला उजेड तो डोळा मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश आपोआप विझायचा. तेव्हाच गावातल्या मातब्बर आप्पासाहेबांच्या लेकीचं लग्न आलं, सगळा तालुका लोटणार असं.

"उस्ताद, पयला तुमीच वापरा," श्रीमंत म्हणाला.

"मलमल बांधू का यावर?"

"बांधा की. डोळ्यासकट पुरी गुंडाळा."

फिल्म धुतली तर काळीठिक्कर. डोळाच झाकलेला, त्याला उजेड पुरेसा दिसेना, म्हणून फ्लॅश दर वेळी पुरा भडकला होता. काळ्या फिल्मवरून छापलेले फोटो पांढरेफटक निघाले; त्यांत नवरीच्या मुंडावळ्या होत्या, चेहरा नव्हता. आप्पासाहेब फोटो टेबलावर ठेवून निघून गेले. त्या हंगामातली उरलेली लग्नं श्रीमंतकडे गेली.

"त्याला तरी कुठं ठावं हुतं? नवी वस्तू हाय," गनीभाई उलट मलाच समजावत. इतकं भोळं असू नये माणसानं. माझं डोकं फिरायचं.

पुढे एका लग्नात त्यांनी श्रीमंतच्या फ्लॅशवरची मलमल पाहिली. डोळ्यापुढे चौकोनी खिडकी कापलेली, काठ सुबक शिवलेले. मला सांगायला आले ते हसतच, "माझ्या चुकीतनं शिकला गडी."

त्यांच्या बायको शरिफाभाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती खिडकी व्हय? काठ मीच शिवले. आप्पासाहेबांकडच्या हळदीच्या आधी आला हुता."

गनीभाईंनी कप खाली ठेवला. "कशाला पायजे, म्हनला न्हाई?"

"म्हनला की. उस्तादांसाठी हाय म्हनला."