मुठीचे तांदूळ

शास्त्रातली वचनं पाठ असण्याचा मला फार गर्व होता. लग्न होऊन नगरहून बंगलोरला आले ती मिशनच्या शाळेतली ही एवढीच मिळकत घेऊन. नवरा सरकारी कारखान्यात फिटर होता. आम्ही पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती कुटुंबं. रविवारी कन्नड मंडळीची उपासना आटोपली की त्यांच्याच देवळात आमची मराठी उपासना व्हायची. नंतर बायकांची सभा, आणि तिथे बोलायला मी सगळ्यांत पुढे. दुसऱ्याचं चुकलं की माझी जीभ आवरत नसे.

आमच्यात मुठीची पद्धत होती. भात टाकण्याआधी घरच्यांसाठी काढलेल्या तांदळातली एक मूठ देवाची म्हणून पिशवीत टाकायची. महिनाअखेरीला पिशव्या देवळात ठेवायच्या. तिथून त्या तशाच ठरलेल्या गरजू घरी जात आणि रिकाम्या होऊन परत येत. पिशवीवर नाव घालायचं नाही, दानाचा गाजावाजा नको म्हणून.

मी त्याचाच फायदा घेतला. एकोणीसशे साठनंतरचे ते रेशनचे दिवस. रेशनचे तांदूळ कुबट, खड्यांनी आणि सोंड्यांनी भरलेले. जास्तीचे पैसे मोजून आणलेला बारीक तांदूळ आमच्या ताटात जायचा आणि देवाची मूठ रेशनच्या डब्यातून, तीही न निवडता. वर मनाची समजूत घालायची, की तारण काही मुठीने होत नाही, विश्वासाने होतं. खरं वचनसुद्धा किती सोयीचं करून घेता येतं!

देऊळ झाडणारी एक म्हातारी विधवा होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिचा जन्म इथलाच, मराठीत निम्मं कानडी. एकदा सभेत ती उभी राहून म्हणाली, मला वाचता येत नाही, पण मी देऊळ झाडते, प्रभुभोजनाचं कापड धुते, तेवढ्यावर देव मला आत घेईल. मी तिला सगळ्यांसमोर थांबवलं. कर्मांनी कोणी तरत नाही, क्षमा फुकट मिळते, ती विश्वासाने फक्त मागायची असते, असं चांगलं सुनावलं. ती कानडीत “सरी, सरी”, बरं बरं, म्हणत खाली बसली.

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. तिला नीट शिकवावं म्हणून एका शनिवारी दुपारी मी चामराजपेटला तिच्या खोलीवर गेले.

ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मागे खुंटीला एक पिशवी लटकत होती, निळ्या पट्ट्यांची. नवऱ्याच्या जुन्या पायजम्याची ती पिशवी मीच शिवली होती.

“स्वल्प बस, तंगी,” ती म्हणाली. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ती मला तंगी म्हणायची. निवडलेले तांदूळ तिने एका डब्यात ओतले. ते वेगळे कशाला, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“ती देवाची मूठ. त्याची आधी निवडते. डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपते. मग थकले की आपले तसेच शिजवते.”

तिने मला जेवायला बसवलं. भात आणि हुलग्यांचं सारू. दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला. तो मी गिळला. तिला मात्र तो आवाज ऐकू गेला.

“खडे आहेत काय? असू दे,” ती म्हणाली. “ती पिशवीवाली बाई फार गरीब असणार बघ. घरात असले तांदूळ, तरी त्यातली मूठ देते. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. ती पिशवी माझी, अक्का, आणि आम्ही गरीब नाही. एवढंच. मी मान खाली घालून ताट संपवलं. ज्यासाठी गेले होते तो धडा काही दिला नाही, आणि घरी परतताना स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या महिन्यापासून मी पिशवी बारीक, निवडलेल्या तांदळाने तोंडोतोंड भरू लागले. वाटलं होतं, मन हलकं होईल. झालं नाही. तीन-चार महिन्यांनी अक्काने सभेत आनंदाने साक्ष दिली, की एका गरीब बाईसाठी ती प्रार्थना करत होती आणि देवाने त्या बाईचे दिवस पालटले. बायकांनी देवाची स्तुती केली. मीही केली.

अक्का पुढे दोन वर्षांनी गेली. क्षमा फुकट मिळते, फक्त मागायची असते, हे मी आजही मानते. तिच्याकडे मात्र ती मागायचा धीर मला दोन वर्षांत झाला नाही.