हरलेल्या निविदेचा माल

ते प्रकरण आठवलं की आजही तोंड कडू होतं. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांचा राग कधीच उतरला. याचा उतरत नाही.

एका कारखान्याचा मालक सकाळीच तक्रार घेऊन आला. त्याच्याकडे सुरक्षा दलांसाठी शस्त्रं ठेवायच्या पोलादी पेट्या बनत. त्या कामाची सरकारी निविदा थोडक्या फरकाने दुसऱ्या कंपनीला गेली होती. मालकाचं म्हणणं, निविदा भरणाऱ्या बाईंनी आपला दर फोडला. निविदेचं सगळं काम त्याच बघायच्या. मालकाच्या डिजिटल सहीची किल्लीसुद्धा त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असायची. इकडच्या बहुतेक कारखान्यांत हीच तऱ्हा. सही मालकाची, ती करणारा हात दुसऱ्याचा. सोबत त्याचा थोरला भाऊ होता. तो निम्म्याचा भागीदार, पण कारखान्यात क्वचित फिरकणारा. ‘देशाची सुरक्षा’ म्हटल्यावर वरून फोन सुरू झाले. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, आरोपीच्या रकान्यात बाईंचं नाव.

महिलेची चौकशी तिच्या घरी करावी असा कायदा आहे. कायदा तिच्या सोयीचा, पण आकुर्डीच्या त्या सोसायटीत आमची जीप उभी राहिली आणि सगळ्या गॅलऱ्या भरल्या. बाई लातूरकडच्या. नवरा आजारी, घर त्यांच्या पगारावर. महिला पोलीस शेजारी बसवून मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. बाईंचं उत्तर वाढलं नाही की घटलं नाही.

“साहेब, दर मी कमीच काढला होता. शेवटच्या दिवशी सरांनी वाढवायला लावला. मी म्हणलं, सर, हातचं काम जाईल बघा. ते म्हणले, टाका तुम्ही. फोडायचाच असता तर वाढवू नका म्हणून कशाला भांडले असते?”

त्यांच्या मोबाइलच्या तपशिलात, बँकेच्या खात्यात काही सापडलं नाही. मग कारखान्यामागे रंगकामाचं दुकान चालवणाऱ्या एका चाचांचा फोन आला.

“साहेब, ह्यांचं टेंडर गेलं म्हणतात ना? मग त्याच पेट्या रंगाला माझ्याकडे कशा येतात?”

पंच घेऊन कारखान्याच्या शेडमध्ये गेलो. हिरव्या पेट्यांची रास लागली होती. वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला विचारलं. तो जवळच्याच गावातला, सरळ म्हणाला, “ज्यांना टेंडर मिळालं त्यांचंच काम हाय साहेब. आमी करून देतो, त्ये त्यांच्या नावानं पाठवत्यात.”

मालकाला ठाण्यात बसवलं. त्याने आधी चहा मागितला, मग वकील, मग माझ्या वरिष्ठांचं नाव घेतलं. शेवटी बोलला. दोन्ही कंपन्यांच्या मालकांचं आधीच ठरलं होतं. याने मुद्दाम हरायचं, त्याने चढ्या भावाने जिंकायचं आणि काम आपसात वाटून घ्यायचं. थोरल्या भावाला वाटा द्यायचा नव्हता, म्हणून त्याला सांगायला हरण्याचं एक कारण हवं होतं.

“धंद्यात चालतं हे, साहेब. आणि बाई हुशार आहेत, कुठंही लागतील.”

माझा हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू.

तक्रारच खोटी असल्याचा अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत ‘ब’ समरी, कोर्टात पाठवला. तो मंजूर झाला. मालकावर खोट्या तक्रारीबद्दल कारवाईचा प्रस्ताव दिला, निविदेतल्या संगनमताचं संबंधित खात्याला कळवलं. दोन्हीकडून पोच आली, पुढे काही नाही.

काही महिन्यांनी बाई ठाण्यात आल्या. भोसरीच्या एका कंपनीत त्यांची निवड झाली होती, काम तेच. पण अशा कंपन्यांत पोलीस पडताळणी लागते आणि तिच्यात गुन्ह्याची नोंद दिसते. मी खुलाशाचं पत्र जोडलं, कंपनीच्या अधिकाऱ्याशी स्वतः बोललो.

“तुमचं बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला, “पण रिस्क कोण घेणार?”

ते बाईंना मलाच सांगावं लागलं. त्या रडल्या नाहीत. “मग मी निर्दोष आहे हे नेमकं कुणाला कळलं, साहेब?” एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या निविदेसाठी मालकाचीही पडताळणी आमच्याकडे आली. तक्रारदाराच्या नावावर गुन्हा नसतो. रेकॉर्ड निरंक निघालं आणि दाखला गेला.

तपास लागला की न्याय झाला, असं मी तोवर समजत होतो. आरोपीच्या रकान्यात पहिल्या दिवशी ज्याचं नाव पडतं, शिक्षा त्यालाच होते. पुढचा सगळा तपास आमच्या समाधानासाठी.