मागाचा खड्डा

"काय लिहून राहिला गा तू?" दामोदरजींनी माझ्या टॅबमध्ये डोकावत विचारलं.

"काही नाही काका. नोंद."

"दाखवून नाही राहिला, म्हणजे काहीतरी घोळ आहे," आतून काकू म्हणाल्या.

मी एका कन्सल्टन्सीत सर्व्हेअर आहे. त्या आठवड्यात जुन्या नागपुरातली विणकरांची वस्ती माझ्याकडे होती. भिंती, छत, जमीन पाहायची आणि टिक करायची. मार्क कमी पडले की सॉफ्टवेअर त्या घरापुढे 'झोपडपट्टी' लिहितं. तिथल्या लोकांच्या तोंडी मात्र एकच शब्द होता, 'आमची वस्ती'.

दामोदरजींच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी मागाच्या पावड्या, म्हणजे खालच्या पट्ट्या, दाबतो. म्हणून त्या खोलीला फरशी नसते. मला हे दिसत होतं. तरी मी 'जमीन: कच्ची' टिक केलं. घाई होती, दुसरं कारण नाही.

ऑफिसात मला राहवलं नाही. "सर, ती झोपडपट्टी नाही. लोक वस्ती म्हणतात."

"ड्रॉपडाऊनमध्ये वस्ती आहे का?"

"नाही."

"मग?"

"आजच फाइल पाठव," सर म्हणाले. सरांना एवढी घाई कशाची, हा संशय तेव्हाच आला होता. तरी मी फाइल पाठवली.

महिन्याभराने समाजभवनाच्या भिंतीवर यादी लागली. दामोदरजींच्या घरापुढे लिहिलं होतं: झोपडपट्टी, जमीन कच्ची, बहुमजली इमारतीत पुनर्वसनासाठी प्रस्तावित. दामोदरजींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तू आमच्या घरचा चहा पेला ना गा? मग असं काहून लिहिलं? चौथ्या माळ्यावर खड्डा कुठं खोदू मी?"

मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. सरांनी कुरकुरत तो पुढे पाठवला. फेरतपासणी मंजूर झाली आणि मीच गेलो.

पुढच्या खोलीत पांढऱ्या टाइल्स चकचकत होत्या. खड्डा बुजवलेला. मागाची लाकडं छतावर ताडपत्रीखाली.

"आता पक्कं आहे ना?" काकूंनी विचारलं. "नीट पाहून लिही."

मी लिहिलं. घर यादीतून निघालं. माग परत बसला नाही. दामोदरजी आता एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलतात.

हल्ली मी कुठेही गेलो की आधी विचारतो, तुम्ही या जागेला काय म्हणता? जमिनीत खड्डा दिसला तर तो कशासाठी, हेही विचारतो. फॉर्ममध्ये त्याला कॉलम नाही. मी शेऱ्यात लिहितो. शेरे कोण वाचतं, ते अजून कळलेलं नाही.