गुरुशांतप्पांनी बांधलेली समाधी

गिऱ्हाइकाच्या घरात काय चाललंय ते मला त्याच्या पिशवीवरून कळतं. कानडी मुलखातल्या खटकचिंचोळीत माझं किराणा दुकान आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. लोक तोंडानं काहीही सांगतात, पिशवी थापा मारत नाही. गेल्या वर्षी गुरुशांतप्पांच्या पिशवीतून आधी चहापत्ती गेली, मग तूरडाळ गेली. आमचा मुलूख तुरीचा. इथली डाळ कुठल्या कुठल्या शहरांत जाते, आणि हा म्हातारा अंबाडीच्या भाजीवर दिवस काढायला लागला.

"अप्पा, डाळ नेईनात तुमी. रुसलाव का माझ्यावर?" मी विचारलं.

"पगार बंद झालाय उमाक्का," ते म्हणाले. "सरकारच्या हिशोबी मी मेलोय."

म्हातारपणाच्या पेन्शनला आमच्याकडे पगारच म्हणतात.

गुरुशांतप्पा फरशीवाले. गावातल्या निम्म्या घरांत त्यांनी बसवलेली शहाबादी फरशी आहे, माझ्या दुकानातसुद्धा. असा बेमालूम उतार काढतात की घागरभर पाणी सांडलं तरी मुकाट्यानं दाराकडे जातं. गुडघे गेले तसं काम सुटलं. मुलगा बसवेश हैदराबादला गाडी चालवतो, त्याचं त्यालाच पुरत नाही. म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नागम्मांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोघांचं पोट, सगळं त्या पगारावर. पगार होता तिथंच राहिला आणि गोळ्या, तेल, गॅस मात्र वर वर चढत गेले. तरी दोघं कसंबसं भागवत होते. आता तोही आधार गेला.

घोळ झाला तो समाधीमुळं. आम्हा लिंगायतांत माणसाला पुरतात, आणि काही जुनी माणसं आपली समाधी हयातीतच बांधून ठेवतात. यात कुणाला नवल वाटत नाही. माझ्या आजोबांनी बांधली होती, आणि पुढं कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी तिच्यावर बसून तंबाखू मळली. गुरुशांतप्पांनी रस्त्याकडेच्या आपल्या रानात चौथरा बांधला, शहाबादहून खास फरशी मागवली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं नाव कोरलं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'लिंगैक्य' लावतात, तेही कोरून टाकलं. तेवढी तारखेची जागा मोकळी सोडली.

"एवढी घाई कामून करायलाव?" मी तेव्हा विचारलं होतं.

"समदं महाग व्हायलंय. उद्या दगड बी महागंल, गवंडी बी महागंल. बसवेशच्या डोक्यावर कामून टाकू?"

पुढं त्यांच्या लेकीचं, नागरत्नाचं, ऑपरेशन झालं म्हणून दोघं अफजलपूरला जाऊन राहिले. नेमकी त्याच वेळी पगारवाल्यांची तपासणी निघाली. तलाठी नवीन, चैत्रा नावाची, म्हैसूरकडची पोरगी. घराला कुलूप. परत जाताना तिला रस्त्यालगत दगड दिसला, दगडावर नाव दिसलं, आणि तिनं माणूस मयत म्हणून लिहून टाकला. शेजारी विचारायला काय तोंडाला टाके घातले होते?

मी दुकान बंद केलं आणि अप्पांना घेऊन थेट कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं वर न बघताच सांगितलं, हयात असल्याचा पुरावा आणा. "हे काय, पुरावा स्वतःच्या पायानं चालत आलाय!" मी एवढ्या जोरात म्हणाले की आतून चैत्रा बाहेर आली. अप्पांचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा पार उतरला.

"आमच्याकडे माणूस गेल्यावरच दगडावर नाव येतं, अज्जा," ती कानडीत म्हणाली. "चूक माझी आहे. मी उद्या येऊन नीट करते."

दुसऱ्या दिवशी ती रानात आली. नागम्मा होत्या, मी होते. कागदावर अप्पांची सही झाली. मग ती चाचरत म्हणाली, "एक करा. हा दगड काढा. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर पुन्हा हेच होईल."

अप्पा दगडाच्या कडेवरून हात फिरवत बसले.

"यानंतर मी छिन्नी धरली न्हाई," शेवटी म्हणाले. "माझं शेवटचं काम हाय ते."

पगार हवा तर माणसानं आपलं शेवटचं काम मोडायचं, हा कुठला न्याय? पण नागम्मा माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या.

"मोडू नगा. उलटा करा," त्या म्हणाल्या. "नाव खालच्या अंगाला ऱ्हाऊ द्या. खाली तुमीच असणार, तुमीच वाचा."

अप्पा खो खो हसले. आम्ही चौघांनी जोर लावून दगड पालथा घातला. खालची बाजूही त्यांनी घासून गुळगुळीत केलेली होती, जी कुणाला कधी दिसणार नव्हती. चैत्रानं त्यांना त्याच्यावर बसवून मोबाईलवर फोटो काढला, हयातीचा पुरावा म्हणून.

"आन् मधल्या महिन्यांचा पगार?" अप्पांनी विचारलं.

"वर लिहून पाठवते. पण मिळेलच असं नाही सांगता येत. त्या महिन्यांत कागदावर तुम्ही नव्हता."

"मी नव्हतो, पर भूक व्हती की, पोरी."

चैत्रानं ते महिने एकेक करून कागदावर उतरवून घेतले. तिच्यावरचा माझा राग तिथंच संपला. पण मग रागवायचं कुणावर, ते कळेना, आणि ते जास्त वाईट होतं.

पगार पुन्हा सुरू झाला. मधल्या महिन्यांचा अजून आलेला नाही. पगार हातात आला त्या दिवशी अप्पा दुकानात आले, एका हातात नागम्मांच्या गोळ्यांची पुडी, दुसऱ्या हातात पिशवी. गोळ्या घेऊन उरलेले पैसे त्यांनी माझ्यासमोर ठेवले.

"एवढ्याची तूरडाळ दे."

मी तोलली. पूर्वी तेवढ्यात पिशवी फुगायची. आता डाळ तळाशीच राहिली. अप्पा पिशवीत वाकून बघत होते.

"उमाक्का, मी मेलो तवा काय भाव व्हता गं?"

मी सांगितला. त्यांनी मान हलवली, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "दगडाच्या जागी डाळच घिऊन ठिवायची व्हती."

मीही त्यांच्याबरोबर हसले. ते पायरी उतरून दिसेनासे झाले, तेव्हा मात्र मला रडू आवरेना.