सिल्वीची खोटी कार्डं

माझी थोरली बहीण सिल्वी हिने जन्मभर फिनलंडमधल्या नुर्मेस गावात शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. हिने खेळ काढला. तिचं कौतुक मी करणार नाही तर कोण करणार?

आमच्या इमारतीत सगळे म्हातारेच. दर गुरुवारी तळमजल्यावरच्या खोलीत कॉफीला जमतात आणि मिठाची गुळणी धरून बसतात. त्यात तावेत्ती म्हणजे कहर. त्याची बायको आउने दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि तेव्हापासून हा नुसती मान हलवायचा. सिल्वी मला म्हणाली, "हा माणूस असाच गप्प राहिला, तर हा हिवाळा काढायचा नाही."

म्हणून तिने कार्डं बनवली. त्यांवर गोडगोड प्रश्न: तुमची सर्वांत सुखाची आठवण कोणती? नियम एवढाच, की ज्याला वाटेल त्याने सुरुवात करावी. घोडं तिथेच अडलं. आमच्यात कॉफीचा पहिला कप घ्यायलासुद्धा कुणी पुढे होत नाही. "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करता करता किटली निवते. मग पहिली आठवण कोण सांगणार? शेजारची मार्ता तेवढी म्हणाली, "कागद छान जाड आहे."

सिल्वी घरी येऊन तोंड फुगवून बसली. माझ्याशीही बोलेना. मी मुद्दाम खोडी काढली, "ताई, मासा धुरावर धरायला पाइनचंच लाकूड बरं, नाही?"

"पाइनचं? अक्कल गहाण टाकलीस का गं? राळेची चव लागेल त्याला. अल्डरचं घ्यायचं, तेही साल काढून..." बोलता बोलता ती थांबली. "इर्या, मी तर आज तुझ्याशी बोलणारच नव्हते."

पुढच्या गुरुवारी प्रत्येक कार्डावर एक धादांत खोटं वाक्य होतं. ते वाचून टेबलावर ठेवायचं, बस्स. स्वतःबद्दल बोलणं आमच्या माणसांच्या जिवावर येतं, पण चुकीचं ऐकून गप्प बसणं त्याहून जिवावर येतं.

मार्ताने वाचलं, "सौनाच्या वाफेत अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या पानगळीत तोडाव्यात."

"चूक," तावेत्ती म्हणाला. "जूनअखेरीला. नंतर पानं टिकत नाहीत."

सगळ्यांच्या माना वळल्या. "अहो, जुलैतही चालतात की," मार्ताने टोकलं आणि वाद पेटला. सिल्वी पाठ करून बशा विसळत होती. बशा आधीच स्वच्छ होत्या. मला तिचा फार अभिमान वाटला.

डिसेंबरात एका गुरुवारी तावेत्तीने खिशातून स्वतः लिहिलेलं कार्ड काढलं आणि मार्तापुढे सरकवलं. तिने ते मोठ्याने वाचलं, "आउने फार कमी बोलायची."

"कमी? माझ्या लग्नात पाद्रीबुवांना थांबवून तिने त्यांची चूक काढली होती," मार्ताच उसळली.

"अहो, जिन्यात भेटली की हातातलं दूध नासायचं."

"आणि मी आजारी होते तेव्हा? दाराबाहेर उभी राहून रोज गावभरच्या बातम्या सांगायची. मी हसावं म्हणून."

एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. तावेत्ती प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता. सगळे बोलून दमले, तेव्हा त्याने ते कार्ड उचललं आणि पुन्हा टेबलाच्या मध्यावर ठेवलं.

"अजून सांगा," तो म्हणाला.