नव्या बाईची ओळ

रोशनी ही देवराम आणि भागीबाईची मुलगी. आईबाप हरसूलच्या वरच्या एका पाड्यावरचे. भाताचं काम उरकलं की दिंडोरीला द्राक्षबागेच्या कामाला यायचे, पुढे इथेच बागेतल्या खोलीत राहिले. मी त्यांच्याच टोळीत छाटणी करायचो. आता कात्री खाली ठेवली आहे, पण राहतो बागेच्या बांधालाच. कामाच्या बाबतीत मी उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही. रोशनीला म्हणतो, म्हणून हे लिहितो आहे.

मुलगी नाशिकला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिथे विद्यापीठाने इंग्रजीचा एक कोर्स ठेवला होता, अप्पर इंटरमीडिएट. कामापुरतं इंग्रजी येणाऱ्याला त्याच्या पुढे नेणारा. त्यात आपलं मत मांडायचं, दुसऱ्याचं खोडायचं, न अडखळता बोलायचं. आठवड्यातले दोन दिवस वर्गात, बाकीचं मोबाईलवर. तो पास झाला तरच एम.ए.ला इंग्रजी घेता येणार होतं. रोशनीला तेवढंच हवं होतं.

मोबाईलवरच्या तासाला ती बहुतेक वेळा बागेत असायची. मोबाईल तारेला बांधलेला, कानात इअरफोन, हातात थिनिंगची कात्री. घडातली मण्यांची दाटी कमी करता करता ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. बायका हसायच्या.

"भागे, तुझी पोरगी घडांशी इंग्रजीत बोलती!"

"बोलू दे," भागीबाई म्हणायची, "घड तरी गपचूप ऐकतात. तुम्ही कुठं ऐकता?"

तास संपला की रोशनी अडलेलं वाक्य मोठ्याने म्हणत राहायची, जिभेवर बसेपर्यंत. मला इंग्रजी येत नाही. पण एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा करणारा माणूस मला ओळखता येतो.

वर्गात प्रतिभा मॅडमनी जोड्या लावल्या होत्या. रोशनीच्या जोडीला वैष्णवी, नाशिक रोडची, वडील तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. थंडीत वैष्णवीला कावीळ झाली आणि तिचे मोबाईलवरचे धडे साचले. मुदत संपत आली. रोशनीचे कधीच झाले होते. तेव्हा तिने जे केलं ते बागेतल्या कुठल्याही बाईने केलं असतं.

थिनिंगला प्रत्येक बाईला वेलींची एक ओळ मिळते. जिची आधी संपते ती बसून राहत नाही. मागे राहिलेल्या बाईच्या ओळीत ती पलीकडच्या टोकाने शिरते आणि दोघी मध्ये कुठेतरी भेटतात. याला आम्ही समोरून घेणं म्हणतो. त्यासाठी कोणी विनवत नाही आणि नंतर कोणी उपकारही मानत नाही.

रोशनीने वैष्णवीला फोन केला. "तुझा पासवर्ड दे. तू पहिल्या धड्यापासून ये, मी शेवटाकडून समोरून घेते."

वैष्णवीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने पासवर्ड दिला.

पुढच्या वर्गात प्रतिभा मॅडमनी वैष्णवीचा निबंध वाचून दाखवला. विषय होता, माझ्या घरची सकाळ. नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वैष्णवीची आई धुक्यात भाकरी बांधून बागेत निघाली होती आणि वडील फवारणीचा पंप धूत होते. वर्ग खो खो हसला.

"हे कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"मी, मॅडम." रोशनी उभी राहिली, शाबासकी मिळणार अशा आवाजात.

मिळालं ते वेगळंच. मोबाईलवरच्या धड्यांच्या भागात दोघींना शून्य. शिवाय शुक्रवारी विभागप्रमुखांसमोर येऊन इंग्रजीतच खुलासा करायचा. तो पटला नाही तर दोघींची नावं कोर्समधून कमी.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. रोशनीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी चोरी नाय केली, मामा. मदत केली. आपल्या बागेत याला कोणी चूक म्हणेल का?"

मी तोंड उघडायच्या आत भागीबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "ती वैष्णवी त्या कामात नवी हाय का जुनी?"

"नवीच. आम्ही सगळ्याच नव्या."

"मग?"

रोशनीने जीभ चावली.

समोरून घेण्याचा अर्धा नियम ती विसरली होती. नव्या बाईची ओळ कोणी घेत नाही. ती कितीही मागे राहो, तिची तिने पुरी करायची, नाहीतर हात बसत नाही. रोशनी स्वतः पहिल्यांदा कात्री धरून आली, तेव्हा सगळ्या जेवायला बसल्या तरी तिची ओळ अर्धीच होती. पोर रडत होती. भागीबाई ओळीच्या टोकाला हात मागे बांधून उभी राहिली. ती स्वतःही जेवायला बसली नाही आणि लेकीच्या घडातला एक मणीही तिने काढला नाही.

"तेव्हा मनात लय शिव्या घातल्या होत्या तुला," रोशनी म्हणाली.

"ठाऊक हाय. तोंडावर दिसत होत्या."

शुक्रवारी आईबापाला काम सोडता येईना, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं. आत प्रमुख, मॅडम आणि समोर दोघी मुली. शब्द मला कळत नव्हते, पण रोशनीचे हात दिसत होते. तिने हवेत एक ओळ आखली, दोन्ही टोकांकडून बोटं चालवत मध्ये आणून भेटवली. मग थांबली. शब्द सापडेना. वैष्णवीचे ओठ हलले, तशी रोशनीने हात वर करून तिला थांबवलं. जरा वेळाने स्वतःच वाट काढली आणि पुढे बोलत गेली. शेवटी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली, त्या दिवशी तिची आई उभी होती तशी. सांगता सांगता ती कुठवर आली ते मला कळलं.

मॅडम बाहेर आल्या. "नावं राहिली. पण शून्य ते शून्यच. तो अख्खा भाग दोघींनी पुन्हा करायचा, आपापला."

"बोलली कशी?" मी विचारलं.

"चुका केल्या. पण अडली तिथे शेपूट घातली नाही, वळसा घालून पुढे गेली. या कोर्सात आम्ही हेच शिकवतो."

शून्य माफ केलं असतं तर मला आवडलं नसतं.

त्यानंतर कधी कधी रोशनीचा मोबाईल तारेला आणि त्यात वैष्णवी दिसायची, कपाळाला हात लावून बसलेली.

"सांग ना गं! एवढं एकच वाक्य!"

"नाय सांगणार. मी टोकाला उभी आहे. ये तू."

वैष्णवी चिडायची, फोन बंद करायची, पुन्हा लावायची. पण आली. तिच्या नव्या निबंधात तिचे वडील पहिल्या पाळीला निघाले होते आणि आई त्यांच्या मागे डबा घेऊन जिना उतरत होती.

उन्हाळ्यात वेलींवरची नको असलेली फूट काढायचं काम चालू होतं, तेव्हा निकाल आला. दोघी पास. रोशनीला लिहिण्यात बेताचे आणि बोलण्यात भरपूर गुण. ती ओरडलीच, "आई, झाले! एम.ए.ला जाणार मी!"

"आधी ओळ पुरी कर," भागीबाई म्हणाली.

रोशनी पुन्हा कामाला लागली. भागीबाई मात्र फूट तशीच टाकून निघाली. या ओळीतून त्या ओळीत, प्रत्येक बाईला थांबवून सांगत सुटली. पार विहिरीजवळच्या बायकांपर्यंत गेली.

भागीबाईची ओळ मागे राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. रोशनीने आपली संपवली, पलीकडच्या टोकाला गेली आणि आईची ओळ समोरून घेतली.