कडुनिंबाच्या सावलीतली पऱ्हाटी

आमच्या गावात सरकी टोबायला, कपाशीचं बी हातानं मातीत खोचायला, पहिला हात कोणाचा, हे ठरलेलं असे. तो मान माझ्या शेतात रोजीनं येणाऱ्या एका बाईचा होता. तिला मूलबाळ नव्हतं, पण तिनं टोबलेलं बी वाया जात नाही, असं सगळे म्हणत. हंगामात तिला चार घरून बोलावणं येई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी मी पश्चिमेच्या बांधाला, धुऱ्याला लागून असलेली पडीत पट्टी वाहिती केली. धुऱ्यावर वडिलांनी लावलेले तीन मोठे कडुनिंब होते. पहिली तासं, म्हणजे ओळी, तिथूनच सुरू झाली, ती तिनंच टोबली. पोळ्यापर्यंत तिथली पऱ्हाटी, कपाशीची झाडं, माझ्या खांद्याला लागली. बाकी शेत कमरेएवढं. येणारा-जाणारा तिच्या हाताची तारीफ करे. दसऱ्याला पाहतो तर पिवळट, लांबुळकी झाडं, पात्या, फुलाआधीच्या कळ्या, गळालेल्या, बोंडं जवळजवळ नाहीतच. बाकीचं शेत मात्र बोंडांनी लदलेलं.

वेचायला आलेल्या सगळ्या बायांसमोर मी तिला म्हणालो, "तुहा हातच वांझ हाय."

तिनं कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून धुऱ्यावर ठेवली आणि घरी गेली. पुढच्या हंगामात तिला टोबायला कोणीच बोलावलं नाही.

दरम्यानच्या उन्हाळ्यात विहिरीवर वीज आली. तारांसाठी तिन्ही निंब तोडावे लागले. त्या वर्षी तीच तासं बोंडांनी वाकली. टोबणारी दुसरी होती, लोकांनी मान तिला दिला. मला मात्र तिसऱ्या प्रहरी तिथं पडलेलं लख्ख ऊन दिसत होतं. आदल्या वर्षी दुपारनंतर तिथं सावलीच असायची; झाडं उन्हासाठी नुसती वर धावली होती. हे कळूनही मी गप्प बसलो. बाया हसतील, एवढ्याचीच भीती.

पुढं ऐंशीनंतर कधीतरी हिंगणघाटच्या एका जिनिंगात कापसाची गाडी खाली करताना ती भेटली. तिथंच कामाला होती. मी तिला सावलीचं सांगितलं.

"मले मालूम होतं भाऊ," ती म्हणाली. "त्या निंबाखालीच त आमी जेवत होतो."

"मंग तवाच बोलली काऊन नाई?"

"तुमी मले वांझ म्हटलं. त्याच्यावर पऱ्हाटीचं काय बोलू?"

जाताना, हे गावात सांगा, एवढंच ती म्हणाली. मी हो म्हणालो, आणि गावात येऊन कोणालाही सांगितलं नाही. ते आज लिहितो. तिच्या हातात काही कमी नव्हतं. ऊन माझ्या झाडांनी अडवलं होतं.